खाड्याचा रोज आणि गावचा क्लब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



कामगार चळवळीच्या अभ्यासवर्गात रग्बीसारख्या साहेबी खेळाचा विषय कशासाठी, अशी शंका अनेकांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. मुंबईच्या जिमखान्यांत गोऱ्या साहेबांनी खेळलेला आणि पुढे मोजक्या महाविद्यालयांत व लष्करी पलटणींत रुजलेला हा खेळ आपल्याकडील श्रमिकाला परकाच वाटत आला. परंतु ज्या देशात तो जन्मला, तेथे त्याची दोन घराणी झाली, आणि ही दोन घराणी झाली ती मैदानावरील एखाद्या नियमावरून नव्हे, तर खाड्याच्या पैशावरून. गिरणीत किंवा कारखान्यात काम केलेल्या माणसाला खाडा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांतील कोळसा खाणी, कापड गिरण्या व गोद्या यांतून काम करणारे तरुण रग्बी खेळू लागले होते. त्या काळी शनिवारी दुपारपर्यंत काम असे. सामना दूरगावी असला की खेळाडूचा अर्धा वा पूर्ण रोज बुडे. हा बुडालेला रोज क्लबाने भरून द्यावा, एवढीच मागणी यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनच्या सर्वसाधारण सभेत मांडली. १८७१ साली स्थापन झालेल्या रग्बी फुटबॉल युनियनने ती १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळली. ज्याला फुरसत परवडत नाही त्याने खेळू नये, हे मत त्या काळच्या सभ्य गृहस्थांनी उघडपणे बोलून दाखविले होते. हौस ही श्रीमंताची, पोटासाठी खेळणारा तो हलका, असा हा न्याय होता. ज्यांना पोटाची ददात नाही त्यांनीच तो ठरवावा, यात नवल काहीच नाही.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युनियनशी नाते तोडले. त्या हंगामात २२ क्लब नव्या संघटनेत खेळले. प्रत्येक बुडालेल्या दिवसाला सहा शिलिंग भरपाई मान्य झाली. हीच संघटना १९२२ पासून रग्बी फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९८ साली उघड धंदेवाईक खेळास परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला दुसरी प्रामाणिक नोकरी हवी. बिलियर्डच्या टेबलाशी गुण मोजणे किंवा दारूच्या दुकानात वाढप्याचे काम करणे ही प्रामाणिक नोकरी मानली जाणार नव्हती! म्हणजे बंड करणाऱ्यांच्या डोक्यातही सभ्यतेचे भूत शिल्लक होतेच.

ज्या सप्टेंबरमध्ये ती मागणी फेटाळली गेली, त्याच सप्टेंबरच्या ७ तारखेला यॉर्कशायरमधील फेदरस्टोन या खाणगावात आणखी एक गोष्ट घडली. कोळशाचा भाव उतरला म्हणून मजुरीत पंचवीस टक्के कपात करू पाहणाऱ्या मालकांनी खाणींना टाळे लावले होते. अ‍ॅक्टन हॉल खाणीपाशी जमलेल्या लोकांवर लष्कराने गोळीबार केला आणि त्यात दोन तरुण मेले. या गावाचा इतिहास सांगताना लोक एका श्वासात हा गोळीबार आणि दुसऱ्या श्वासात फेदरस्टोन रोव्हर्स हा रग्बी क्लब सांगतात. क्लबची स्थापना १९०२ ची. गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. आणि या एवढ्याशा गावाने १९६७, १९७३ व १९८३ अशी तीन वेळा चॅलेंज कपावर मोहोर उमटविली. १९८३ च्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीच्या मैदानावर हलसारख्या बलाढ्य शहराच्या क्लबाला रोव्हर्सने १४–१२ असे हरविले. या टापूत एक म्हण पडून गेली होती: आघाडीचा दणकट गडी हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालावी, खालून हवा तसा माणूस वर येईल.

तरुणांना खेळाकडे वळविणे, त्यांना मैदान देणे, अंघोळीची व वाचनाची सोय करणे हे सारे तेव्हा कोण करीत होते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण आजच्या चर्चेचा गाभा तेथे आहे. १९२० च्या खाण उद्योग कायद्यान्वये खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे एक पेनी कल्याण निधीत भरणे मालकांवर बंधनकारक झाले. या पेनीतून गावोगाव कामगारांची सभागृहे उभी राहिली, खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे बांधली गेली, खेळाची मैदाने आखली गेली. त्या मैदानांवर खेळलेली पोरे पुढे मोठ्या क्लबांत गेली. येथे कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. कोळसा वर आला की पेनी जमा झाली. ती मागण्यासाठी अर्ज लिहावा लागत नव्हता, देणाऱ्याच्या छायाचित्रासाठी रांगेत उभे राहावे लागत नव्हते. ज्याने कोळसा काढला त्याच्याच श्रमाचा तो कायद्याने राखून ठेवलेला अंश होता.

मार्च १९८४ ते मार्च १९८५ हा खाणकामगारांचा संप आणि त्याचा शेवट अभ्यासवर्गाला परिचित आहे. संपानंतर बंद पडलेली पहिली खाण फेदरस्टोनची अ‍ॅक्टन हॉल होती. वेम्ब्लीच्या विजयाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. खाण गेली, तिच्यामागे दुकाने गेली, बापाबरोबर मुलगा कामाला लागण्याची वाट बंद झाली. शीळ घातली तरी वर येणारा कोणी उरला नाही. अशा गावात सार्वजनिक म्हणावे असे जे थोडे शिल्लक राहिले, त्यांत रग्बीचा क्लब होता. लोक शनिवार-रविवारी एकत्र येत ते तेथेच.

१९९५ च्या एप्रिलमध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने या खेळाच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी प्रथम ७ कोटी ७० लाख व मग ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले. त्या बदल्यात खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात न्यायचा, ‘सुपर लीग’ नावाची नवी स्पर्धा काढायची, आणि छोटे क्लब एकमेकांत विलीन करून मोठ्या बाजारपेठांचे संघ बनवायचे, असा बेत होता. फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड या तिघांना मोडून ‘कॅल्डर’ नावाचा एक संघ करायचा होता. कॅल्डर हे तेथील नदीचे नाव. पण नदीच्या नावाने कोणी कधी कोणाला प्रोत्साहन दिले नव्हते! हल या शहराच्या दोन क्लबांना एक करायचे, विडनेसला वॉरिंग्टनशी जोडायचे, असेच इतरत्रही ठरले. त्यावर उत्तर इंग्लंडात जी निदर्शने झाली, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी हाडवैर जपलेल्या क्लबांचे चाहते एकाच बाजूला उभे होते. विलीनीकरणाचा बेत मागे घ्यावा लागला. फेदरस्टोनचे नाव राहिले, पण पैशाच्या पंगतीत त्याला पान वाढले गेले नाही. तो खालच्या श्रेणीत गेला. किथली या छोट्या गावच्या क्लबाने तर त्या वर्षी आपली श्रेणी जिंकली होती, तरी वर जाण्याचा हक्क त्याला नाकारण्यात आला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये, १८९५ च्या बंडाला शंभर वर्षे होत असताना, युनियन घराण्यानेही खेळाडूंना पैसे देणे मान्य केले. शंभर वर्षे जे पाप होते ते एका बैठकीत धोरण झाले.

आता आजच्या क्लबांकडे वळू. धंदेवाईक रग्बी क्लब हा कायद्याने बहुधा एक कंपनी असतो. तिच्याशेजारी क्लबाच्याच नावाने एक स्वतंत्र धर्मादाय न्यास नोंदविलेला असतो. लीड्स, विगन, वॉरिंग्टन अशा बहुतेक क्लबांचे असे न्यास आहेत. न्यासाचा पैसा वेगळा, विश्वस्त वेगळे. कंपनीचे कर्ज न्यासाच्या पैशातून फेडता येत नाही. हे न्यास शाळांत प्रशिक्षक पाठवितात, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना क्लबाच्या मैदानालगतच्या खोल्यांत शिकवितात, अपंगांसाठी आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी संघ चालवितात. २०२१ पासून इंग्लंडभर सरकारी निधीतून सुट्ट्यांतील खेळ व जेवणाचा कार्यक्रम चालू झाला. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलाला सुट्टीत उपाशी राहावे लागू नये, हा त्याचा हेतू. अनेक क्लबांच्या न्यासांनी ते काम अंगावर घेतले. जगातील एका अतिश्रीमंत देशात शाळेला सुट्टी लागली की काही मुलांच्या जेवणाची पंचाईत होते, आणि ते जेवण त्यांना रग्बीच्या मैदानावर मिळते! या वाक्यावर जरा थांबले पाहिजे.

या कामाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१० मध्ये ग्रेट ब्रिटनकडून खेळलेले टेरी न्यूटन यांनी आत्महत्या केली. त्यानंतर २०११ मध्ये खेळाडू, परिचारक आणि कार्यकर्ते यांनी ‘स्टेट ऑफ माइंड’ ही संस्था काढली. अंगमेहनतीच्या जगात वाढलेला पुरुष दुखणे सांगत नाही, डॉक्टरकडे जात नाही, मनाचे दुखणे तर बायकोलाही सांगत नाही. अशा माणसाला मानसोपचाराच्या खोलीत बोलावून तो येत नसतो. पुढे वॉरिंग्टन, सॅलफर्ड व विडनेस या क्लबांच्या साहाय्याने ‘ऑफलोड’ नावाचा उपक्रम सुरू झाला. रग्बीत ऑफलोड म्हणजे पकडले जाताजाता चेंडू सहकाऱ्याकडे देणे. त्यात सत्राला सत्र म्हणत नाहीत, सामना म्हणतात. येणाऱ्यांना रुग्ण म्हणत नाहीत, संघ म्हणतात. बोलायला उभा राहतो तो एके काळी त्यांनीच टाळ्या वाजविलेला खेळाडू, आणि तो स्वतःच्या पडझडीपासून सुरुवात करतो. माणसे येतात, बसतात, काही आठवड्यांनी बोलू लागतात. संघटना बांधणाऱ्या प्रत्येकाने ही रीत अभ्यासण्याजोगी आहे. लोकांच्या ओळखीच्या जागेत, त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच माणसाने बोलले तर कान उघडतात.

लीड्सचे रॉब बरो जेमतेम साडेपाच फुटांचे. धिप्पाड गड्यांच्या या खेळात ते सर्वांत लहान चणीच्या खेळाडूंपैकी एक होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना मोटर न्यूरॉन हा असाध्य मज्जाविकार असल्याचे निदान झाले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे जुने कर्णधार केव्हिन सिनफील्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले, आणि पैशांचा ओघ सुरू झाला. २ जून २०२४ रोजी बरो गेले. दुसऱ्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, लीड्समधील सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या नावाच्या उपचारकेंद्राची पहिली कुदळ मारण्यात आली. शेजाऱ्याच्या दुःखासाठी अख्खे शहर कसे हलते याचे हे उदाहरण आहे. पण राष्ट्रीय आरोग्य सेवा असलेल्या देशात उपचारकेंद्रासाठी एका माणसाला धावावे का लागते, हा प्रश्न त्या धावण्याच्या तेजाने झाकला जाऊ नये.

२०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात इंग्लंडच्या स्थानिक संस्थांनी युवक सेवांवरील खर्च, महागाई जमेस धरता, सुमारे ७० टक्क्यांनी कमी केला. युवक केंद्रे बंद झाली, तेथील कामगार कामावरून गेले. नेमक्या याच काळात क्लबांचे न्यास वाढले. हा योगायोग नव्हे. नगरपालिकेची नोकरी करणारा युवक कार्यकर्ता कायम होता, त्याला निवृत्तिवेतन होते, आणि त्याच्या कामाचा जाब नगरसेवकाला मतदारांसमोर द्यावा लागे. न्यासाचा कर्मचारी एका अनुदानापासून दुसऱ्या अनुदानापर्यंत जगतो. अनुदान संपले की उपक्रम संपतो. मुलाला मात्र कोणीही सांगत नाही की गेल्या वर्षी येणारा दादा यंदा का आला नाही.

शिवाय ज्या शर्टावर भरवसा ठेवून तो मुलगा येतो, त्या शर्टावर काय छापलेले असते? २०१७ पासून पुढे काही हंगाम सुपर लीगच्या नावाआधी एका सट्टेबाजीच्या कंपनीचे नाव जोडलेले होते. एका दालनात कर्जाने खचलेल्या बापाला धीर द्यायचा आणि दुसऱ्या दालनात त्याला पैज लावण्याचे आमंत्रण द्यायचे, असा हा संसार आहे. आणखी एक गोष्ट गंभीर आहे. डोक्यावर वारंवार आदळलेल्या आघातांनी मेंदू निकामी झाल्याची तक्रार घेऊन दोन्ही घराण्यांतील शेकडो माजी खेळाडू न्यायालयात गेले आहेत. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की तो विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला आठवत नाही. तरुणांना आधार देण्याच्या गोष्टी करणाऱ्या खेळाने आधी त्यांच्या मेंदूचा हिशेब दिला पाहिजे.

कंपनीचा डोलारा तरी भक्कम आहे काय? युनियनच्या वरच्या श्रेणीत २०२२–२३ चा हंगाम १३ क्लबांनिशी सुरू झाला. त्यातले वूस्टर आणि वॉस्प्स हंगामाच्या मध्येच कोसळले, आणि लंडन आयरिश जून २०२३ मध्ये गेला. लीगच्या घरात सॅलफर्डची अवस्था २०२५ मध्ये अशी झाली की पगार वेळेवर होईनात, आणि हंगामाच्या पहिल्या सामन्यात राखीव व कोवळी पोरे मैदानात उतरवावी लागली. सेंट हेलेन्सने तो सामना ८२–० असा जिंकला. त्या पोरांचा दोष काय होता?

आता गुणपत्रिकेची गंमत पाहा. लीगने आयएमजी या आंतरराष्ट्रीय कंपनीशी करार केला आणि २०२५ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीतील प्रवेश गुणांवर ठरविला. एकूण गुण २०. त्यांतले चाहत्यांसाठी ५, खेळासाठी ५, पैशासाठी साडेचार, मैदानासाठी ३ आणि समाजासाठी अडीच. त्या अडीचांतही एक भाग क्लबाच्या परिसरातील लोकसंख्येचा! म्हणजे क्लब आपल्या गावासाठी किती झटतो याच्या जोडीला त्या भागात गिऱ्हाइके किती राहतात हेही ‘समाज’ या सदरात मोजले गेले. समाज म्हणजे बाजारपेठ, हे समीकरण इतक्या निरागसपणे क्वचितच लिहिले गेले असेल. पंधरा हजारांच्या गावाने कितीही जीव लावला तरी तो पंधरा हजारांचाच.

लीगचा इतिहास सोवळा आहे असेही नव्हे. कार्डिफच्या गोदीवस्तीत वाढलेल्या बिली बोस्टन या कृष्णवर्णी तरुणाला त्याच्या शहराच्या बड्या युनियन क्लबाने बोलावले नाही. १९५३ मध्ये विगनने ३००० पौंड देऊन त्याला नेले, आणि तो त्या शहराचा लाडका झाला. पण १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतताना ब्रिटनचा संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला थांबला, आणि बोस्टन यांना तेवढे वगळून घरी धाडण्यात आले. पुढे १९७२ मध्ये क्लाइव्ह सलिव्हन हे कृष्णवर्णी खेळाडू ब्रिटनच्या विश्वविजेत्या संघाचे कर्णधार होते. बोस्टन यांना ‘सर’ ही पदवी मिळाली २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत. तोवर या खेळातील एकाही खेळाडूला ती मिळाली नव्हती. युनियनवाल्यांना मात्र ती यापूर्वी मिळत आली. यॉर्कशायरच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला आलेल्या पाकिस्तानी व हिंदी कामगारांच्या मुलांना क्लबांनी फार उशिरा हाक घातली. लीड्सचे इक्रम बट्ट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळले. ते फेदरस्टोनकडूनही खेळलेले. आपल्यासारख्यांसाठी पुढे त्यांनाच ब्रिटिश एशियन रग्बी असोसिएशन काढावी लागली.

मुंबईशी या साऱ्याचा एक धागा आहे. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बीचा सराव चाले, तेव्हा शेजारच्या फुटपाथवरची पोरे कुंपणाशी उभी राहून पाहत. मॅथ्यू स्पेसी या तेथे खेळणाऱ्या इंग्रजाने त्यांना आत घेतले, आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. ज्या जिमखान्यात एके काळी हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते, तेथे पदपथावरचे मूल चेंडू घेऊन धावले, हे चांगलेच झाले. पण लालबाग-परळच्या व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ कोणा परोपकारी माणसाने कुंपण उघडल्यामुळे उभे राहिले नव्हते. गिरणीकामगारांच्या वर्गणीतून, त्यांच्याच चाळींच्या अंगणात ते उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनी ज्यांच्या घशात गेल्या, त्यांनी त्या व्यायामशाळांसाठी दर चौरस फुटामागे किती पेन्या बाजूला काढल्या?

खाड्याचा प्रश्न तरी मिटला काय? लीगच्या स्त्री-खेळाडू २०२३ पर्यंत जवळजवळ विनामोबदला खेळल्या. त्या हंगामात लीड्स व यॉर्क या क्लबांनी मानधनाला सुरुवात केली. परिचारिका, शिक्षिका, दुकानातील विक्रेत्या असलेल्या या बायका रजा टाकून सामन्याला जात. १८९३ साली लंडनच्या सभेपुढे जो प्रश्न होता, तोच हा.

रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकर-कारागिरांनी सहकारी दुकान काढले, आणि जगभरच्या सहकारी चळवळीने ते आपले उगमस्थान मानले. १८९५ च्या बंडात सामील झालेला रॉचडेल हॉर्नेट्स हा त्याच गावचा क्लब. कंपनी म्हणून डबघाईला आल्यावर चाहत्यांनी तो सहकारी तत्त्वावर स्वतःच्या मालकीचा केला आणि एका सभासदाला एक मत, या नियमाने काही वर्षे चालविला. खालच्या श्रेणीतला खेळ, तुटपुंजी वर्गणी, वर दूरचित्रवाणीचा पैसा मोठ्या क्लबांकडे वाहणारा. शेवटी भांडवलासाठी नियंत्रण एका गुंतवणूकदार गटाकडे द्यावे लागले. तसे द्यावे की नाही, हे मात्र सभासदांच्या मताने ठरले.